खर्जातले दोघे

एखाद्या रॉक बँडमध्ये दोन गिटारवादक असले तर कुणालाच नवल वाटत नाही. दोन ड्रमर, दोन कीबोर्डवाले, तीन-तीन गायक हेही श्रोत्यांच्या अंगवळणी पडलं आहे. पण मंचावर दोन बेसवादक उभे राहिले की मुरलेल्या श्रोत्यांच्याही कपाळावर आठी उमटते. बेस गिटार काय, किंवा जॅझमधला माणसाहून उंच असा डबल बेस काय, ही मागे राहून काम करणारी वाद्यं. ती वाजत असताना त्यांच्याकडे फारसं लक्ष जात नाही. थांबली की मात्र सगळं गाणं हवेत तरंगायला लागतं. बेसवादकाच्या वाट्याला दोन कामं येतात. एक स्वराचं: वर गिटार, पियानो, सॅक्सोफोन जे काही वाजवत आहेत त्याला खालचा स्वर धरून पाया द्यायचा. दुसरं लयीचं: ड्रमरच्या जोडीने ठेका पुढे न्यायचा. ही दोन्ही कामं एक माणूस चोख करत आलेला असताना दुसऱ्याची गरज काय, हा प्रश्न रास्तच आहे. तरीही १९६० पासून पुढे जॅझ, फ्यूजन आणि प्रोग्रेसिव्ह रॉक या एकमेकांत मिसळत गेलेल्या प्रवाहांतल्या काही फार मोठ्या संगीतकारांनी पुन्हा पुन्हा दोन बेस घेतले. ते हौसेपोटी घेतले असं मला वाटत नाही. पाया धरणं आणि पायावरून मोकळं हिंडणं ही दोन कामं एकाच माणसाकडे असली की एकाच्या वेळी दुसरं सोडावं लागतं. संगीताला ही दोन्ही एकाच वेळी, पूर्ण ताकदीने हवीशी वाटली तेव्हा दुसरा बेस आला. जिथे ही वाटणी नीट झाली तिथे त्याने सोनं केलं, आणि जिथे झाली नाही तिथे नुसता गलबला झाला.

विरोधातलं सर्वांत बळकट म्हणणं ध्वनिशास्त्राचं आहे, म्हणून ते आधी घेऊ. चार तारांच्या बेस गिटारची सर्वांत खालची तार, ई, सेकंदाला सुमारे ४१ कंपनं करते. तिच्या शेजारचा स्वर एफ सुमारे ४३.७ कंपनांचा. दोन वादकांनी हे दोन स्वर एकाच वेळी धरले तर कानाला दोन स्वर कळतच नाहीत. सेकंदाला अडीचेक हेलकावे खाणारा एकच घोगरा आवाज ऐकू येतो. जरा लांबचं अंतर घेतलं, म्हणजे हा ई सा मानून त्याच सप्तकातला शुद्ध ग, तरी दोघांत फरक जेमतेम ११ कंपनांचा पडतो, आणि इतक्या खाली दोन स्वर निराळे उमगायला कानाला याच्या कितीतरी पट अंतर लागतं. हीच सा-ग जोडी पियानोच्या मध्यावर गोड लागते. खर्जात ती गुरगुरते. शिवाय ४१ कंपनांची ध्वनिलहर आठ मीटरहून लांब असते. दोन ठिकाणांहून निघालेल्या अशा लहरी सभागृहात कुठे एकमेकींना बळ देतात तर चार पावलांवर एकमेकींना गिळून टाकतात. ध्वनिमुद्रण करणारे तंत्रज्ञ दोन बेस म्हटलं की धास्तावतात ते यामुळेच.

पण हाच आक्षेप नीट वाचला तर त्यातच उत्तराची खूण सापडते. अडचण दोन बेसची नाही, दोघांनी एकाच जागेवर बसण्याची आहे. याचा सर्वांत सोपा पुरावा प्रोग्रेसिव्ह संगीताच्या बाहेर, एका लोकप्रिय गाण्यात मिळतो. १९७२ मध्ये लंडनमध्ये लू रीडचं ‘वॉक ऑन द वाइल्ड साइड’ ध्वनिमुद्रित होत होतं. हर्बी फ्लॉवर्स या वादकाने आधी डबल बेसवर खालची ओळ वाजवली आणि मग तिच्यावर बेस गिटारने दुसरी ओळ चढवली. दुसरी ओळ पहिलीपासून दहाव्या स्वरावर आहे, म्हणजे खाली सा असेल तर वर पुढच्या सप्तकातला ग. एक ओळ घसरत वर जाते, दुसरी तिच्याबरोबर सरकते, आणि दोन्ही स्वच्छ ऐकू येतात. दोन वाद्यं वाजवल्याबद्दल फ्लॉवर्सला त्या काळच्या नियमाप्रमाणे दुप्पट मेहनताना मिळाला. इथे वादक एकच आहे, हे खरं. पण खर्जात दोन ओळी नांदू शकतात, त्यांच्यात पुरेसं अंतर आणि आवाजाच्या पोताचा फरक मात्र हवा, हे या एका गाण्याने लख्ख कळतं.

यावर कुणी म्हणेल, मग यात नवं ते काय? सिम्फनी ऑर्केस्ट्रात आठ-आठ डबल बेस असतात. ड्यूक एलिंग्टनने १९३५ मध्येच आपल्या वाद्यवृंदात बिली टेलर आणि हेज ॲल्विस असे दोन बेसवादक ठेवले होते. नॅशव्हिलच्या स्टुडिओंमध्ये डबल बेसच्या जोडीला सहा तारांचा इलेक्ट्रिक बेस तीच ओळ तडतडीत आवाजात वाजवत असे. १९६६ च्या ‘पेट साउंड्स’साठी ब्रायन विल्सनने कॅरल के यांचा इलेक्ट्रिक बेस आणि लाइल रिट्झ यांचा डबल बेस एकत्र वापरला. ही सगळी उदाहरणं खरी आहेत, पण त्यांतली बहुतेक दुसऱ्याच गोष्टीची आहेत. ऑर्केस्ट्रातले आठ जण बहुतेक वेळ एकच ओळ वाजवतात. नॅशव्हिलमध्ये दुसरा बेस पहिल्याला धार देतो. ब्रायन विल्सनच्या कामात थोडी वाटणी दिसू लागते, पण ती कागदावर आधी ठरलेली आहे. दोन माणसांनी खर्जात उभं राहून, समोर काय घडतंय ते ऐकत, तिथल्या तिथे कामं वाटून घ्यायची, हा प्रकार १९६० च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये सुरू झाला.

२१ डिसेंबर १९६० रोजी सॅक्सोफोनवादक ऑर्नेट कोलमनने दोन चौकड्या एका खोलीत बसवल्या आणि ‘फ्री जॅझ’ ही सुमारे ३७ मिनिटांची सलग रचना मुद्रित केली. डाव्या कानात एक चौकडी, उजव्यात दुसरी. डावीकडे बेसवर स्कॉट लाफारो, उजवीकडे चार्ली हेडन. या संगीतात पियानो नाही, आधी ठरवलेली स्वरसंगतीची चाल नाही. म्हणजे बेसवादकाला पाया धरायचा आहे, पण पाया कुठे आहे हे त्याला कुणी सांगितलेलं नाही. एकट्या बेसवादकाची इथे कुतरओढ झाली असती. दोघांनी मात्र आपापल्या स्वभावाप्रमाणे कामं उचलली. हेडन आयोवात जन्मलेला, लोकसंगीत गाणाऱ्या कुटुंबात वाढलेला; तो खालचे, मोकळ्या तारांचे जड स्वर धरून राहतो. लाफारो चपळ; तो वरच्या स्वरांत जाऊन गिटारसारख्या लडी सोडतो. शेवटाकडे एक भाग येतो, जिथे फुंकून वाजवायची वाद्यं गप्प होतात आणि दोघे बेसवादकच बोलत राहतात. हेडफोन लावून ऐकलं तर एकाने जागा सोडली की दुसरा ती कशी भरतो हे स्पष्ट कळतं. दोन्ही कानांतले आवाज एकत्र करून ऐकलं तर यातलं बरंचसं हरवतं, हेही इथेच नोंदवायला हवं. अंतर पाळण्याची सोय इथे अंशतः स्टीरिओने केली आहे.

पुढच्याच वर्षी जॉन कोलट्रेनने हा विचार निराळ्या वाटेने नेला, आणि ती वाट आपल्या ओळखीची आहे. कोलट्रेन तेव्हा रवि शंकरांच्या ध्वनिमुद्रिका बारकाईने ऐकत होता. पुढे १९६५ मध्ये जन्मलेल्या मुलाचं नावही त्याने रवी ठेवलं. १९६१ च्या मे महिन्यात ‘ओले’ या रचनेत त्याने रेजी वर्कमन आणि आर्ट डेव्हिस हे दोन बेसवादक घेतले. तिथे एक जण गजाने वाजवतो तर दुसरा बोटांनी, त्यामुळे एकाच वाद्याचे दोन आवाज होतात. नोव्हेंबरमध्ये ‘व्हिलेज व्हॅनगार्ड’ या तळघरातल्या क्लबात त्याने ‘इंडिया’ ही रचना वाजवली. पुढे ध्वनिमुद्रिकेवर आलेल्या त्या वादनात वर्कमन आणि जिमी गॅरिसन बेसवर आहेत. त्या मुक्कामातल्या काही वादनांत अहमद अब्दुल-मलिकही तंतुवाद्यावर आधारस्वर धरून होता. जॅझमध्ये बेसवादकाने चालत राहायचं असतं: दर मात्रेला एक स्वर, स्वरसंगती बदलेल तशी पावलं. ‘इंडिया’त स्वरसंगती बदलतच नाही. तिथे चालणाऱ्या बेसला जायला गाव नाही. कोलट्रेनला हवा होता तो तानपुऱ्यासारखा अखंड षड्ज, पण जॅझचा धक्काही त्याला सोडायचा नव्हता. एक बेस आधारस्वर घोळवत राहतो, दुसरा त्याच्याभोवती लयीचे तुकडे टाकतो, आणि वर सोप्रानो सॅक्सोफोन रागदारीसारखा एकाच स्वराभोवती वाढत जातो. ख्यालगायकाच्या मागे दोन तानपुरे असतात ते आवाज मोठा करायला नसतात. दोघांच्या झंकारांत जो बारीक फरक राहतो त्यातून स्वराला खोली येते. कोलट्रेनच्या दोन बेसना तीच खोली आहे, शिवाय त्यांतला एक उठून चालूही शकतो.

फ्यूजनमध्ये हा विचार आला तो माइल्स डेव्हिसच्या ‘बिचेस ब्रू’मधून. १९ ते २१ ऑगस्ट १९६९ असे तीन दिवस न्यूयॉर्कच्या कोलंबिया स्टुडिओत हे मुद्रण चाललं. वुडस्टॉकचा महोत्सव नुकताच संपला होता. एकाच वेळी दोन-दोन, कधी तीन-तीन इलेक्ट्रिक पियानो, दोन ड्रमर, त्याशिवाय तालवाद्यं, आणि दोन बेसवादक. डेव्ह हॉलंड हा इंग्लंडहून आलेला तरुण, मुख्यतः डबल बेसवर. त्याला माइल्सने वर्षभरापूर्वी लंडनच्या क्लबात ऐकून बोलावून घेतलं होतं. आणि हार्वी ब्रुक्स, बॉब डिलनच्या १९६५ च्या ‘हायवे ६१ रिव्हिजिटेड’वर वाजवलेला रॉकचा माणूस, फेंडर बेस गिटारवर. ही निवडच बोलकी आहे. माइल्सला बेसवादकांची जोडी हवी असती तर जॅझमधला आणखी एक निष्णात माणूस सहज मिळाला असता. त्याने असा माणूस घेतला की जो एकच छोटी आकृती दहा मिनिटं न कंटाळता, न सजवता वाजवेल. शीर्षकगीत ऐकावं: जवळजवळ २७ मिनिटांचं. सुरुवातीला लय नाही, प्रतिध्वनीत भिजलेला ट्रम्पेट आणि मधूनमधून कोसळणारे पियानो. मग खालून बेसची ती आकृती उगवते आणि बेनी मॉपिनचं बेस क्लॅरिनेट तिच्या अंगाने सरपटायला लागतं. म्हणजे खर्जात दोन नव्हे, तीन आवाज आहेत. ब्रुक्सचा इलेक्ट्रिक स्वर गोल, बुटका, एका जागी ठोकलेला. हॉलंडच्या लाकडी बेसच्या स्वराला टोक आहे आणि तो लगेच विरतो. त्यामुळे दोघं जवळजवळ एकाच उंचीवर वाजवत असूनही कान त्यांना निराळं धरतो. हॉलंड कधी आकृतीत सामील होतो, कधी तिला प्रश्न विचारतो, कधी सोडून जातो. तो जाऊ शकतो, कारण ब्रुक्स जाणार नाही याची त्याला खात्री आहे. पुढे निर्माता टिओ मसेरोने टेप कापून-जोडून हे सगळं आकाराला आणलं, हे खरं; पण कापलेले तुकडे जोडले गेले तरी मांड सुटत नाही, याचं मोठं श्रेय त्या ठोकलेल्या आकृतीला जातं.

आता सर्वांत चतुर आक्षेप. हे सगळं ठीक, पण असामान्य बेसवादक एकटा दोन्ही कामं करू शकत नाही का? जाको पास्टोरियसने १९७६ च्या आपल्या पहिल्या ध्वनिमुद्रिकेत ‘पोर्ट्रेट ऑफ ट्रेसी’मध्ये एकाच बेसवर खालचा आधार आणि वर तारेच्या झंकारांतून काढलेली चाल असं दोन्ही वाजवलं. एमेट चॅपमनने १९७० च्या दशकात बाजारात आणलेल्या ‘चॅपमन स्टिक’वर पाच तारा खर्जाच्या आणि पाच वरच्या स्वरांच्या असतात, दोन्ही हातांच्या बोटांनी त्या ठोकत वाजवायच्या, टोनी लेव्हिनने १९८१ पासून किंग क्रिमझनमध्ये ती एकट्याने लीलया वाजवली. आणि स्टुडिओत तर एकच माणूस स्वतःवर स्वतःला चढवू शकतो, फ्लॉवर्सने केलं तसं. या आक्षेपाला मी किंमत देतो, पण त्याच्या बाजूचा हुकमी साक्षीदार जाकोच उलट साक्ष देतो. ‘पोर्ट्रेट ऑफ ट्रेसी’ एकल रचना आहे. तिथे वर कुणी नाही. त्याच जाकोला बँडमध्ये ऐकू. वेदर रिपोर्टच्या १९७७ च्या ‘बर्डलँड’मध्ये सुरुवातीची ती प्रसिद्ध चाल जाको बेसच्या तारेचे झंकार काढत, गिटारच्या उंचीवर जाऊन वाजवतो. मग खाली काय आहे? खाली जो झाविनुलचा सिंथेसायझर बेसची ओळ धरून बसला आहे. जगातला त्या काळचा सर्वांत समर्थ बेसवादक वर गेला तेव्हा खालची जागा भरायला दुसरा माणूस लागलाच, फक्त त्याच्या हातात पट्ट्यांचं वाद्य होतं. एकावर एक चढवलेल्या मुद्रणाची मर्यादाही हीच आहे: दुसरी ओळ पहिलीला उत्तर देते, पहिलीला मात्र दुसरीची चाहूल कधीच लागत नाही. लाफारो आणि हेडन यांच्यात जे घडतं ते तिथे घडणं शक्य नाही.

वाटणी फसली की काय होतं हे पाहायला किंग क्रिमझनकडेच जावं लागतं, आणि या बँडबद्दल मनापासून आदर ठेवूनच मी हे म्हणतो. १९९४ मध्ये रॉबर्ट फ्रिपने दुहेरी त्रिकूट उभं केलं: फ्रिप आणि एड्रियन बेल्यू गिटारवर, बिल ब्रुफर्ड आणि पॅट मॅस्टेलोटो ड्रमवर, टोनी लेव्हिन आणि ट्रे गन खर्जाच्या बाजूला. लेव्हिनकडे बेस, स्टिक, उभा बेस आणि बोटांना बांधायच्या ड्रमच्या काड्यांचे छोटे तुकडे, गनकडे स्टिक. १९९५ च्या ‘थ्रॅक’मध्ये याचं ऐश्वर्य दिसतं. जिथे लेव्हिन जमिनीवर राहतो आणि गन वर तिसऱ्या गिटारसारखा फिरतो तिथे हे संगीत थरारून टाकतं. पण स्टिक हे स्वतःच दोन्ही कामं करणारं वाद्य, त्यात समोरचाही दोन्ही कामं करणारा, वर दोन गिटारी आणि दोन ड्रम; त्यामुळे दाट प्रसंगांत कोण कुठे उभं आहे हेच कळेनासं होतं. १९९७ मध्ये नॅशव्हिलच्या तालमींत नवं संगीत जमेना, तेव्हा फ्रिपने सहा जणांच्या छोट्या छोट्या तुकड्या करून पाहिल्या, आणि सहाही जण पुन्हा त्या रूपात एकत्र आले नाहीत. याचं खापर केवळ खर्जावर फोडता येणार नाही. पण पुढची एक गोष्ट लक्षणीय आहे. २०१४ मध्ये फ्रिपने बँड पुन्हा उभा केला तेव्हा मंचाच्या पुढच्या रांगेत तीन ड्रमर बसवले, बेसवर मात्र एकटा लेव्हिन. ड्रमचा आघात क्षणात विरतो, त्यामुळे तीन ड्रमर आघात वाटून घेऊ शकतात. बेसचा स्वर रेंगाळतो. रेंगाळणाऱ्या स्वरांची गर्दी आवरायला फार शिस्त लागते.

उरतो तो इतिहासाचा आक्षेप: हे प्रयोग टिकले का नाहीत? ‘बिचेस ब्रू’नंतर माइल्सच्या मंचावर हॉलंड एकटाच होता. वेदर रिपोर्टच्या १९७३ च्या ‘स्वीटनायटर’वर काही रचनांत मिरोस्लाव व्हिटूशचा डबल बेस आणि अँड्र्यू व्हाइटचा बेस गिटार एकत्र आहेत, पुढच्या ध्वनिमुद्रिकेपर्यंत व्हिटूशचं बँडमधलं स्थान डळमळलं आणि अल्फॉन्सो जॉन्सन आला. इंग्लंडच्या सॉफ्ट मशीनमध्ये १९७१ आणि १९७२ च्या ‘फोर्थ’ आणि ‘फिफ्थ’वर ह्यू हॉपरच्या विजेवर करवादणाऱ्या बेसशेजारी रॉय बॅबिंग्टनचा डबल बेस येतो, १९७३ मध्ये हॉपर गेला आणि त्याच्या जागी बॅबिंग्टनच आला. ‘इंडिया’ वाजली तेव्हाही गॅरिसन येत होता आणि वर्कमन जायच्या वाटेवर होता. एलिंग्टनकडे १९३९ मध्ये तरुण जिमी ब्लँटन आला तेव्हा बिली टेलर काही महिने त्याच्या शेजारी उभा राहिला आणि मग त्याने वाद्यवृंद सोडला. इतक्या वेळा हेच घडलं आहे की यातला आकृतिबंध नाकारण्यात अर्थ नाही: दोन बेसची बरीचशी ध्वनिमुद्रणं सांध्यावरची आहेत, एक माणूस जाताना आणि दुसरा येताना केलेली. दौऱ्यावर एका जास्तीच्या माणसाचा खर्च असतो, मंचावर एका जास्तीच्या ॲम्प्लिफायरचा गोंगाट असतो, आणि बँडला आपण कोण हे एकदा उमगलं की तो त्या दोघांतला एक निवडतो.

हे मान्य करूनही मला यात पराभव दिसत नाही. ‘स्वीटनायटर’वरची ‘बूगी वूगी वॉल्ट्झ’ घ्या. झाविनुलला नाचायला लावणारा ठेका हवा होता. व्हिटूशचा स्वभाव चालीत सुरावट गुंफण्याचा. एकाला काढून दुसऱ्याला घेतलं असतं तर आपल्याला फक्त निर्णय ऐकू आला असता. दोघं एकत्र असल्यामुळे निर्णयाच्या आधीची ओढाताण ऐकू येते, आणि जुन्या आणि नव्या वेदर रिपोर्टमधला तो एकमेव क्षण संगीत म्हणून टिकून आहे. शिवाय सगळे प्रयोग सांध्यावरचे नाहीत. शिकागोच्या टॉर्टॉइज या बँडचा उगमच खर्जात आहे. डग मॅकॉम्ब्स आणि जॉन हर्नडन या बेस-ड्रमच्या जोडीला जमैकाच्या स्लाय डनबार आणि रॉबी शेक्सपिअर यांच्यासारखी कुणालाही साथ करणारी जोडी व्हायचं होतं. त्यातून बँड वाढला, बंडी के. ब्राउन दुसरा बेस घेऊन आला, आणि १९९४ च्या पहिल्या ध्वनिमुद्रिकेत गायक नसलेल्या त्या संगीताची मुख्य चालच बेस गिटारवर आली. एक बेस चाल गातो, दुसरा तिला जमीन देतो, आणि वर गिटारीची भिंतच नसल्याने दोघांनाही हवा मिळते. ब्राउन गेल्यावर डेव्हिड पाजो आला आणि १९९६ मध्ये ‘जेड’ ही वीस मिनिटांहून लांब रचना झाली. इथे तंत्राचं प्रदर्शन कुठेच नाही. याउलट स्टॅन्ली क्लार्क, मार्कस मिलर आणि व्हिक्टर वूटन या तीन दिग्गजांनी २००८ मध्ये ‘थंडर’ काढलं तेव्हा बोटांची कमाल ऐकून थक्क व्हायला होतं, पण तिघेही वर जायला उत्सुक असले की खाली राहणं ही पाळी होते. टॉर्टॉइजचे बेसवादक त्यांच्या निम्म्या वेगाने वाजवतात आणि दुप्पट वेळ लक्षात राहतात असं माझं मत आहे.

या सगळ्याची उलट तपासणी करणारा एक बँड आहे आणि त्याचं नातं थेट मुंबईशी आहे. ‘बिचेस ब्रू’च्या त्या तीन दिवसांत दोन बेसच्या सोबतीने गिटार वाजवणारा जॉन मॅक्लॉग्लिन पुढे महाविष्णू ऑर्केस्ट्रा काढतो, तिथे बेसवर एकटा रिक लेअर्ड, बाकीचे चौघे वर आग लावत असताना जमिनीला चिकटलेला. आणि १९७५ मध्ये मॅक्लॉग्लिन ‘शक्ती’ घेऊन मंचावर येतो तेव्हा बेसवादकच नसतो. व्हायोलिनवर एल. शंकर, घटमवर विनायकराम, तबल्यावर मुंबईत वाढलेले झाकिर हुसेन. सहा वर्षांत दोन, एक, शून्य. बेस नसूनही ‘शक्ती’चं संगीत पोकळ वाटत नाही, कारण बेसची दोन्ही कामं तिथे निरनिराळ्या हातांत गेली आहेत. आधारस्वर मॅक्लॉग्लिनच्या गिटारीवर आडव्या बसवलेल्या सात तरफांच्या झंकारात आहे. आणि खर्जाची हालचाल झाकिरभाईंच्या डग्ग्यावर आहे: मनगटाचा दाब कमी-जास्त करत ते घुमारा असा वर-खाली सरकवतात की कान त्याला बेसची ओळ म्हणूनच ऐकतो. आपल्याकडच्या फ्यूजन बँडांत दोन बेस क्वचितच दिसतात, त्याचंही कारण मला इथेच सापडतं. तानपुरा, किंवा आता त्याच्या जागी आलेला इलेक्ट्रॉनिक तानपुरा, मागे सुरू असतो, डग्गा खाली फिरत असतो; म्हणजे एकुलत्या बेसवादकाला सुरुवातीपासूनच अर्धी रजा मिळालेली असते. त्या मोकळ्या अर्ध्या वेळात त्याने काय वाजवावं याचं उत्तर शोधायला लाफारो, हॉलंड आणि मॅकॉम्ब्स हे तिघे आपल्या वादकांनी नीट ऐकायला हवेत.